नवी बॅटरी घालूनही सेल्फ लागत नाही, मग बाईक विकूनच टाकू का?

पत्र थोडक्यात असं आहे. गोव्यातल्या पेडणे तालुक्यातली एक वाचक, वय 29, मोपाच्या विमानतळावर शिफ्टची नोकरी, घरापासून अंतर नऊ किलोमीटर. बाईक 150 सीसीची, 2020 चं मॉडेल, फ्युएल इंजेक्शनवाली, किक नाही, फक्त सेल्फ. बाईक मुळात तिच्या भावाची. तो बोटीवर नोकरीला लागला तेव्हा "आता तूच चालव" म्हणून चावी देऊन गेला, आणि जायच्या आधी पुढे दोन फॉग लाइट, मोबाईल चार्जर, चोरीला जाऊ नये म्हणून जीपीएस ट्रॅकर, असं सगळं लावूनही गेला. आधी ती म्हापशाला कामाला जायची तेव्हा बाईकने कधी दगा दिला नाही. गेल्या चौदा महिन्यांत मात्र दोन बॅटऱ्या बदलून झाल्या आणि आता तिसरीही तेच करतेय. दोन दिवस सुट्टी झाली की तिसऱ्या दिवशी पहाटे बटण दाबलं की नुसतं टकटकटक होतं, मीटर अंधारतो, घड्याळ परत बारावर जातं. उतारावरून ढकलून गिअर टाकला की चालू होते आणि मग दिवसभर ठीक. गॅरेजवाला म्हणतो पावसाने वायरिंग कुजलंय, आखं वायरिंग बदलावं लागेल, मजुरीसकट अकरा हजार, आणि तरी गॅरंटी नाही. नवरा म्हणतो विकून टाक आणि स्कूटर घे, गिऱ्हाईकही तयार आहे. भावाला यातलं काहीच सांगितलेलं नाही, तिकडे समुद्रात बसून त्याला वाईट वाटेल म्हणून. तिचा प्रश्न असा की अकरा हजार घालू की विकू, आणि शेवटी एक ओळ, "माझंच काही चुकतंय का काका?"

बाय, तू काका म्हणालीस म्हणून मीही एकेरीच लिहितो.

शेवटच्या ओळीपासून सुरू करतो, कारण मला वाटतं तीच ओळ तुला जास्त टोचतेय. तुझं काही चुकत नाहीये. पण तुझ्या रोजच्या जाण्यायेण्याचा या दुखण्याशी संबंध मात्र नक्की आहे, आणि ते तू स्वतःच पत्रात लिहिलंयस, फक्त दोन गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणी लिहिल्यास म्हणून तुझ्या लक्षात आलं नाही. म्हापशाला जात होतीस तेव्हा त्रास नव्हता. मोपाला लागल्यापासून सुरू झाला. पाऊस तर दोन्हीकडे तोच आहे ना?

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात आकडे भरपूर आहेत, अकरा हजार, चौदा महिने, तीन बॅटऱ्या, नऊ किलोमीटर. पण व्होल्टचा एकही आकडा नाही. म्हणजे चौदा महिन्यांत ही बाईक निदान तीन वेळा गॅरेजला गेली आणि कुणीही तिला मीटर लावून बघितलं नाही, किंवा लावला असेल तर तुला सांगितलं नाही. ताप मोजल्याशिवाय औषध देत राहावं तसं झालंय हे. अकरा हजारांचा निर्णय असा घेऊ नकोस, आणि विकायचाही घेऊ नकोस.

आधी तुझ्या डोक्यात जे पक्कं बसलंय ते जरा हलवून बघूया. तू लिहितेस, "बॅटरी तर नवीनच आहे, मग बॅटरीचा प्रॉब्लेम कसा असेल?" नवीन असणं आणि भरलेली असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत गं. नवीन मडकं आणलं म्हणून ते पाण्याने भरलेलं नसतं. कोरडी येणारी बॅटरी ॲसिड ओतल्यावर लगेच चालते खरी, पण तेव्हा ती पूर्ण भरलेली नसते, तिला आधी हळूहळू चार्ज करायला पाहिजे. साधा हिशोब असा की बॅटरी जितक्या अँपिअर-अवरची असेल, म्हणजे तिच्यात जेवढा साठा मावतो, त्याच्या दहाव्या भागाने, म्हणजे 8 ची असेल तर पाऊण-एक अँपिअरने, आठ-दहा तास. पण गिऱ्हाईक समोर उभं असतं, घाई असते, ॲसिड ओतलं, बसवली, सेल्फ लागला, चला, पैसे द्या. अशी अर्धपोटी निघालेली बॅटरी पुढे जर रोज अर्धपोटीच राहिली तर आतल्या प्लेटींवर सल्फेटचा थर बसतो, आणि तो घट्ट झाला की मग कितीही चार्ज करा ती पूर्वीसारखी भरत नाही. म्हणून बॅटरी 'मरते' तेव्हा बहुतेक वेळा ती मारली गेलेली असते. मारणारा बाईकमध्येच कुठेतरी बसलेला असतो, आणि तो शोधल्याशिवाय चौथी घातलीस तर चौथीही जाणार.

आता तुझ्या बाईकचा जमाखर्च मांडूया, आकडे अंदाजाचे धर पण हिशोब खरा आहे. ट्रॅकर चावी बंद असतानाही चालूच असतो, नाहीतर चोरीच्या वेळी त्याचा उपयोग काय. समजा तो 80 मिलिअँपिअर खातो. ऐकायला काहीच नाही. पण चोवीस तासांत ते जवळपास दोन अँपिअर-अवर होतात. बॅटरी समजा 8 ची. सेल्फ मारायला एका झटक्यात चाळीस-पन्नास अँपिअर सहज लागतात, ते द्यायला बॅटरी निम्म्यावर आली की ती कण्हायला लागते. म्हणजे दोन दिवस उभी राहिली की चार गेले, निम्मी रिकामी, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे टकटकटक. तुझी सुट्टी किती दिवसांची? दोन.

ही झाली खर्चाची बाजू. जमा कधी होतं? इंजिन फिरतं तेव्हाच, आणि तेही नीट फिरलं तर. तू म्हापशाला जायचीस तेव्हा हायवेवरून चांगला तासभर जाऊन-येऊन चालवत होतीस, तेवढ्यात खाल्लेलं भरून निघायचं. आता नऊ किलोमीटर, पंधरा-वीस मिनिटं, त्यात पहाटेची ड्युटी म्हणून फॉग लाइट चालू. हेडलाइट तर 2017 च्या एप्रिलपासून सगळ्या नव्या दुचाकींना इंजिन चालू झालं की लागूनच राहते, ती बंद करता येत नाही. वर दोन फॉग लाइट मिळून चाळीस वॉटचे असतील तर तीन अँपिअरच्या वर तेच खाणार. मग बॅटरीच्या वाटेला काय येणार? समजा एक अँपिअर येतं. जाऊन-येऊन चाळीस मिनिटं धरली तर पाऊण अँपिअर-अवरसुद्धा भरत नाही, आणि ट्रॅकर रोज दोन काढतोय. असं खातं किती दिवस चालेल?

म्हणून माझा पहिला संशय वायरिंगवर नाही, ट्रॅकर आणि फॉग लाइटवर आहे. पण संशय म्हणजे निदान नाही, आणि मी पेडण्यापासून लांब बसून निदान करणारही नाही. ते तू स्वतः करू शकतेस. अगदी खरंच करू शकतेस, बोलायचं म्हणून बोलत नाही.

साधा डिजिटल मल्टिमीटर तीन-चारशे रुपयांत इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. डीसी व्होल्टच्या 20 वर ठेव. लाल काडी बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला. ड्युटीवरून येऊन बाईक लावलीस की दोनेक तासांनी बघ आणि वहीत लिही, मग तसंच न वापरता दुसऱ्या दिवशी सकाळी बघ. भरलेली निरोगी बॅटरी उभ्या उभ्या 12.6 ते 12.8 दाखवते. 12.2 म्हणजे साधारण निम्मी. 12 च्या खाली आली की ती उपाशी आहे. आणि रात्रभर, दिवसभर चार्ज करूनसुद्धा साडेदहाच्या आसपासच अडकत असेल तर आतला एक सेल गेलाय, कारण सहा सेल असतात आणि प्रत्येकाचे दोन-सव्वादोन व्होल्ट, एक गेला की तेवढाच आकडा कमी होतो. ती बॅटरी मग वॉरंटीत परत कर, त्यासाठी बिल आणि शिक्का मारलेलं कार्ड जपून ठेवलंयस ना ते बघ.

दुसरा आकडा सेल्फ मारतानाचा. मीटर लावलेलाच ठेवून बटण दाब, दोन-तीन सेकंदच. आकडा 10 च्या वर राहिला तर बॅटरी ठीक, नऊच्या खाली घसरला तर बॅटरीत दम नाही. तिसरा आकडा इंजिन चालू असताना, फॉग लाइट बंद ठेवून ॲक्सिलरेटर देऊन चार-पाच हजार आरपीएमवर. 13.8 ते 14.5 यायला पाहिजे. साडेतेराच्याही खाली राहिला तर चार्जिंग होत नाहीये, म्हणजे करंट तयार करणारी मॅग्नेट कॉइल किंवा तो करंट आवरून बॅटरीला देणारा रेग्युलेटर किंवा त्यांच्यातला सॉकेट. 15 च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडून बॅटरी शिजवतोय, अशा वेळी बॅटरी हाताला गरम लागते, कधी फुगते. मग तोच आकडा फॉग लाइट लावून परत बघ. 13 च्या खाली आला तर लाइट बाईकच्या ऐपतीपेक्षा मोठे आहेत, एवढं साधं उत्तर.

आता ट्रॅकरची चोरी पकडायची. चावी बंद कर, काढून खिशात ठेव. बॅटरीची मायनस केबल सोडव, नेहमी मायनस आधी सोडवायची आणि जोडताना शेवटी जोडायची, म्हणजे पाना चुकून चासीला लागला तरी ठिणगी उडत नाही. मीटर 10 अँपिअरवर ठेव, लाल काडी मीटरच्या 10 ए लिहिलेल्या भोकात घाल, आणि मीटरच्या दोन काड्या सोडवलेली केबल आणि बॅटरीचं मायनस यांच्यामध्ये धर. आता जे काही दिसतंय ते बंद बाईक खातेय. फार कमी दिसलं तरच काडी मिलिअँपिअरवर न्यायची. धड बाईक बंद असताना फार तर काही मिलिअँपिअर खाते, घड्याळापुरतं. पन्नास, ऐंशी, शंभर दिसले तर चोर सापडला. मग ट्रॅकरचा फ्यूज किंवा सॉकेट काढ आणि आकडा पडतो का बघ. हे चालू असताना चावी फिरवायची नाही आणि सेल्फचं बटण तर अजिबात नाही, मीटर जळेल. आणि इंजिन चालू असताना बॅटरी कधीच सोडवू नकोस, काही लोक चार्जिंग बघायला म्हणून तसं करतात, त्यात व्होल्टेज उसळतं आणि इंजेक्शनचा ईसीयू, म्हणजे त्याचा छोटा कॉम्प्युटर, जाऊ शकतो, तो बॅटरीपेक्षा कितीतरी महाग.

इथे मला एक जुनी गोष्ट सांगायची आहे, कारण आकडे बरोबर असूनही सेल्फ लागत नाही असंही होतं. बारा-तेरा वर्षांपूर्वी चवथीच्या आदल्या दिवशी मी म्हापशाच्या बाजारात माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांचं, सामान घ्यायला गेलो होतो, सुपारीचं शिपटं, आंबाडे, तोरिंगं, दोन्ही हातात पिशव्या. बाईक लावलेली तिथे आलो, बटण दाबलं, टक. एकदाच टक आणि गप्प. आठवड्यापूर्वीच नवी बॅटरी घातलेली, जुनी गॅरेजमध्येच सोडून आलेलो. पाऊस पडतोय, गर्दी, सगळे घरी जायच्या घाईत. जवळच्या स्टँडवरचा एक म्हातारा पायलट, म्हणजे भाड्याने मागे माणूस बसवून नेणारा पिवळ्या मडगार्डचा बाईकवाला, माझ्याकडे बघत होता, तो उठून आला. काही विचारलं नाही. त्याच्या डिकीत जाड वायरचा एक तुकडा होता, दोन्ही टोकांना चिमटे. एक चिमटा त्याने बॅटरीच्या मायनसला लावला, दुसरा इंजिनच्या उघड्या बोल्टला, आणि म्हणाला आता मार. पहिल्या झटक्याला चालू. मग त्याने वाकून मायनसची जाड वायर जिथे इंजिनला बसते तो बोल्ट खोलला. वरून बोल्ट चकचकीत होता. खालची गोल चकती उचलली तर तिच्या पोटाला शेवाळासारखा हिरवा भुगा आणि त्यात लाल मातीचा चिखल वाळून बसलेला. पॉलिश पेपरने घासून दोन्हीकडे तांबं दिसेपर्यंत साफ केलं, बोल्ट आवळला, झालं. पैसे घेतले नाहीत, एक तोरिंग मात्र घेतलं. माझी जुनी बॅटरी चांगली होती बाय. एका बोल्टपायी मी ती टाकून आलो होतो.

आपल्याकडे हे फार होतं. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, समुद्राची खारी हवा, आणि रस्त्यावरची तांबडी माती, हे तिन्ही मिळून तांब्याच्या जोडाला आतून खातात. त्यात वॉटर सर्व्हिसिंगला प्रेशरने पाणी मारतात ते सीटखाली, हँडलच्या स्विचमध्ये, सगळ्या सॉकेटात शिरतं. उंदीर हा वेगळाच विषय, पावसाळ्यात पडवीत उभ्या बाईकच्या सीटखाली त्यांना ऊब मिळते आणि वायरचं प्लास्टिक कुरतडायला मिळतं. म्हणून तुझा गॅरेजवाला पावसाला दोष देतो त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. पण कुजलेले दोन जोड साफ करणं वेगळं आणि आखं वायरिंग बदलणं वेगळं. शिवाय मला सांग, वायरिंग खरंच कुजलेलं असतं तर ढकलून चालू झाल्यावर दिवसभर ठीक कशी चालली असती? इंजेक्शनच्या गाडीला पंप, ईसीयू, सेन्सर, सगळ्याला करंट लागतो, कुठेतरी झटके दिले असते, मध्येच बंद पडली असती. तू तसं काही लिहिलेलं नाहीस.

अर्थचा जोड, म्हणजे मायनसची जाड वायर इंजिनला बसते तो, तपासायलाही मीटर आहेच. लाल काडी आधी मीटरच्या 10 ए मधून परत व्होल्टच्या भोकात घाल, मग ती इंजिनच्या उघड्या धातूला, काळी बॅटरीच्या मायनसला, डीसी व्होल्टवरच, आणि सेल्फ मार. आकडा 0.2-0.3 च्या आत पाहिजे. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर तेवढे व्होल्ट त्या घाणेरड्या जोडात अडकतायत. साफ कर, आवळ, वरून थोडं व्हॅसलीन किंवा ग्रीस लाव. बॅटरीच्या टर्मिनलांनाही तेच.

तुझं सोडून ज्यांचं लक्षण वेगळं आहे अशांसाठीही लिहितो, कारण दर पावसाळ्यात अशी पत्रं येतात. चावी लावली आणि काहीच नाही, एक दिवासुद्धा नाही, तर आधी बॅटरीचं टर्मिनल ढिलं आहे का आणि मेन फ्यूज उडालाय का बघा, तो बऱ्याच गाड्यांत स्टार्टर रिलेच्या, म्हणजे सेल्फला करंट सोडणाऱ्या स्विचच्या, शेजारीच असतो. फ्यूज उडालाच असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला, चांदीचा कागद किंवा वायर गुंडाळू नका, आग लागते. सगळे दिवे लख्ख पण बटण दाबल्यावर टकसुद्धा नाही, तर हँडलवरचा इंजिन बंद करायचा किल स्विच बघा, कुणीतरी मुलाने खेळताना दाबलेला असतो, मग साइड स्टँड वर आहे का, क्लच पूर्ण दाबलाय का, न्यूट्रलचा हिरवा दिवा लागतोय का. क्लच लिव्हरखाली एक छोटा स्विच असतो तो पाण्याने चिकटतो, लिव्हर दोन-चारदा जोरात दाबून सोडलं की कधी कधी सुटतो. दिवे लख्ख, एकच टक, पुढे काही नाही, तर रिलेचे पॉइंट जळलेत किंवा सेल्फच्या मोटरचे कार्बन झिजलेत किंवा माझ्यासारखा अर्थचा बोल्ट. आणि सेल्फ मस्त फिरतोय पण इंजिन पेट घेत नाही, तर तो सेल्फचा प्रॉब्लेमच नाही, चावी लावल्यावर टाकीतला पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो तो ऐकू येतो का बघा, नाहीतर पेट्रोल, प्लग. सेल्फ दाबून धरून बसू नका. पाच सेकंद, मग अर्धं मिनिट थांबा, नाहीतर होतं नव्हतं तेही संपतं.

आता तुझ्या दोन पर्यायांकडे येऊ. विकायची असेल तर वीक, त्यात काही पाप नाही. स्कूटर पहाटेच्या ड्युटीला खरंच सोयीची असेल, तुझ्या नवऱ्याच्या म्हणण्यात तुझी काळजीसुद्धा आहे, पहाटे चारला अंधारात एकटी बायको उतारावर गाडी ढकलतेय हे कुठल्या नवऱ्याला आवडेल? पण दुखणं काय आहे ते न कळता विकलीस तर भाव पडून मिळणार, कारण गिऱ्हाईकही म्हणणार वायरिंग गेलंय. आणि नव्या स्कूटरलाही तोच ट्रॅकर, तेच दिवे लावलेस आणि तेच नऊ किलोमीटर चालवलीस तर वर्षभराने मला तेच पत्र लिहिशील. आधी मोजून घे, दुरुस्त कर, दोन महिने चालव, मग विकावीशी वाटली तर विकायला मोकळी.

मोजल्यावर बहुधा असं निघेल की खर्च काही शेकड्यांत आहे. ट्रॅकरला स्लीप मोड असेल तर तो लावून घे, नसेल तर सुट्टीच्या आधी सॉकेट काढून ठेव किंवा कमी करंट खाणारा घे. फॉग लाइट रिलेवर आणि चावीवर घे, फ्यूजसकट, आणि गरज असेल तेव्हाच लाव, गावात शिरल्यावर बंद. घरी छोटा ऑटोमॅटिक चार्जर ठेव, सुट्टीच्या रात्री लावून झोप. आठवड्यातून एकदा धारगळवरून कोलवाळच्या पुलापर्यंत जाऊन ये, तासभर नीट पळव, तिला बरं आणि तुलाही. आणि हे सगळं होईपर्यंत खिशात मावणारी जंप स्टार्टरची पॉवर बँक मिळते ती ठेव, पहाटे ढकलणं आजपासून बंद. कारच्या बॅटरीला वायरी जोडून जंप दिलाच तर कारचं इंजिन बंद ठेवायचं आणि प्लस-मायनस दोनदा बघायचं, उलटं लागलं तर रेग्युलेटर आणि ईसीयू दोन्ही जाऊ शकतात.

गॅरेजचं एक राहिलं. तू लिहिलंस की तू बोलतेस आणि गॅरेजवाला मेस्त तुझ्या नवऱ्याकडे बघून उत्तर देतो. हे मला फार लागलं. बाईक तू चालवतेस, पहाटे चारला ती टकटक तू ऐकतेस, घड्याळ बारावर जातं हे तुला दिसतं, आणि सगळं निदान त्याच माहितीत आहे. पुढच्या वेळी एकटी जा, आणि वही घेऊन जा. "रात्री 12.6, सकाळी 12.1, सेल्फ मारताना 8.9, चालू असताना 14.2, बंद असताना 80 मिलिअँपिअर खाते" एवढं वाचून दाखव. जो फिटर हे ऐकून खाली वाकून बाईककडे बघेल त्याच्याकडे काम दे. जो तरीही आखं वायरिंग म्हणेल त्याला विचार की कुठली वायर, मला दाखव. दाखवता आली तर ऐक त्याचं, नाहीतर दुसरं गॅरेज बघ. बदललेला जुना पार्ट घरी घेऊन ये, तो तुझा आहे.

आणि भाऊ. तुला वाटतं न सांगण्यात त्याच्यावरची माया आहे. असेल. पण विचार कर, तो ट्रॅकर त्याने स्वतःच्या हाताने लावलाय. लाल वायर थेट बॅटरीवर घेतलीय की चावीच्या पुढे, मध्ये फ्यूज आहे की नाही, काळ्या टेपच्या कुठल्या गाठीत जोड आहे, हे या जगात फक्त त्याला माहीत आहे. चौदा महिने तू आणि गॅरेजवाला जे शोधताय ते त्याच्याकडे आहे, आणि तूच त्याला विचारत नाहीयेस. बाईक विकल्याचं त्याला नंतर कळलं तर जास्त वाईट वाटेल की आज "दादा, बाईकला जरा त्रास आहे" म्हटलं तर? मला तर वाटतं बोटीवर बसून बहिणीच्या काहीतरी उपयोगाला आलो याचंच त्याला बरं वाटेल. सीटखालचे चार फोटो काढ, उजेडात, बॅटरीच्या टर्मिनलला जेवढ्या म्हणून बारीक वायरी लावल्यात त्या सगळ्या दिसतील असे, आणि त्याला पाठव. बोटीवर नेट कधी मिळेल सांगता येत नाही, म्हणून आजच पाठव. सोबत एवढंच लिही, "यातली ट्रॅकरची कुठली?"

त्याचं उत्तर आणि तुझे आकडे आले की मला परत लिही. तोपर्यंत अकरा हजार बँकेतच असू देत आणि गिऱ्हाईकाला सांग, दोन आठवडे थांब.